एक शब्द गाळायचा नाही

६ फेब्रुवारी

चि. पोपटबाईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

कोर्टात एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगतेस म्हणून मी तुला पोपट म्हणते, ते तुला आवडत नाही. पण आता आवडून घे, कारण सगळ्या देशावरच पोपट व्हायची पाळी आली आहे. फोन करत नाही, कारण फोनवर आपलं भांडण होतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली, आता एकच भाषा आणि तीच, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. आमच्या गल्लीत मात्र नक्की काय झालंय ते कुणालाच कळलेलं नाही. औषधवाला म्हणतो, सरकारी कागदांपुरतंच आहे, आपलं काही अडत नाही. न्हावी म्हणतो, सरकारी इमारतीत आपल्या भाषेत शिंकलं तरी बाहेर काढतात. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी म्हणे कायदा स्वतः वाचला आहे, पण त्यात काय आहे विचारलं की ते हवापाण्यावर येतात. नंतर धावपळ नको म्हणून मी आपली दुकानाची पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्याने 'गाद्या-उशा' पुसून इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. तेव्हापासून माझी जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच आत कापूस दिसतोय का ते बघतात आणि मगच पायरी चढतात.

पण माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. भिंगरीचं प्रकरण. वरच्या खोलीत तिची आई भाड्याने राहायला आली तेव्हा नवरा आधीच गेलेला होता, मग तीही अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तर बिचारीचं बोलणंच गेलं होतं, पाणी हवं असलं तरी हाताने खूण करायची. तिला नेलं त्या दिवसापासून पोर माझ्याकडे आहे आणि माझ्या घरात दिवसभर तिची टकळी चालू असते. कोर्टात मला कायमची पालक करायचं सगळं झालं होतं, फक्त सही राहिली होती. आता म्हणतात जुन्या भाषेतलं सगळं बाद, इंग्रजीत पहिल्यापासून. नवीन जज, नवीन पाहणी. आणि जजला पटलं नाही तर पोरीला अनाथ मुलांच्या संस्थेत धाडतात.

तर तू रजा काढून ये आणि माझं बोलणं तूच सांग. घरचीच दुभाषी असताना परकी कशाला? पोर गेली तर मी काय करेन ते मला माहीत नाही. हे फोनवर मी म्हटलं नसतं.

तुझी,
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा फिरून आलं. पाकिटावरचा पत्ता आपल्या लिपीत होता म्हणून आमच्या पोस्टाने परत पाठवलं आणि परत कशाला पाठवलं म्हणून तुमच्या पोस्टाने पुन्हा इकडे ढकललं. यापुढे पत्ता मी लिहून दिलाय तसाच उतरव. आतलं पत्र कुठल्याही भाषेत चालतं असं पोस्टमन म्हणाला, पण तेही त्याने आजूबाजूला बघून सांगितलं.

मला येता येणार नाही. नात्यातल्या माणसाने दुभाषी व्हायचं नाही असा नियम आहे आणि तो जुना आहे, नव्या कायद्याचा नाही. रागावू नकोस. तुला कोर्टाचा दुभाषी मिळेल. तू आपल्या भाषेत, नेहमी बोलतेस तशी बोल. दुभाषी एक शब्द गाळत नाही आणि एक शब्द पदरचा घालत नाही. आम्ही तशी शपथच घेतलेली असते.

बाकी गोंधळ इकडेही कमी नाही. काल एक साक्षीदार होता. जज, दोन्ही वकील, साक्षीदार आणि मी, आम्हा सगळ्यांची बोली एकच. साक्षीदार म्हणाला, शेजारच्या घरातून एकाच माणसाचा आवाज येत होता, त्याला मी भांडण नाही, भाषण म्हणेन. जजसाहेब हसले आणि मग माझ्याकडे बघत थांबले. मी ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा कुठे ते त्यांना अधिकृतपणे कळलं. इंग्रजीत कुणीच हसलं नाही. सगळ्यांना सगळं समजतं आणि मी सांगेपर्यंत कुणाला काही समजलेलं नसतं. चहाच्या सुट्टीत कुठल्या भाषेत बोलायचं हे न कळल्यामुळे हल्ली आम्ही नुसताच चहा पितो.

बालकल्याण खात्याच्या बाई घरी पाहणीला येतील. त्यांना अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो, तेव्हा घरात थोडं इंग्रजी कानावर पडलं तर बरं दिसेल. भिंगरी पटकन उचलेल. तिला माझा पापा.

तुझी,
पोपट नसलेली भाची


४ मार्च

चि. पोपटबाईस,
आशीर्वाद.

नियम आहे म्हणतेस तर आहे. मी रागावले होते, आता नाही. उलट तुझा सल्ला मी असा काही पाळलाय की तूही तोंडात बोट घालशील.

थोडं इंग्रजी कानावर पडू दे म्हणालीस. मला थोडं काही जमत नाही. गादी भरायची तर चारही कोपरे भरायचे, नाहीतर सुई हातात धरायची नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवसापासून मी घरात आपली भाषा बंद केली. एक शब्द नाही! मास्तरांनी मला शब्द लिहून दिलेत, ते सगळे वस्तूंचे आहेत. वॉटर, स्पून, पिलो, डोअर, होम. जोडायचे कसे ते ते पुढच्या महिन्यात शिकवणार आहेत. तोवर जिथे शब्द नाही तिथे मी हाताने खूण करते. पोरीच्या कानावर आपलं बोलणं चुकूनही पडू नये म्हणून दुकानात गिऱ्हाइकांशीसुद्धा खुणांनीच भागवते. त्यांना वाटतं माझा घसा कायमचा बसला. सगळी दारात उभं राहून हळहळतात आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात. धंदा चाललाय, तक्रार नाही.

पहिल्या दिवशी भिंगरी खूप हसली. तिला खेळच वाटला. मग हसायची थांबली आणि आता बोलायचीही थांबली आहे. मला उलट बरं वाटलं. मास्तर म्हणाले, आत नवी भाषा मुरत असताना मुलं गप्प होतात. अंगणात धावत नाही, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसते. मधूनच उठून माझ्या कपाळाला हात लावते. मी पाण्याकडे बघितलं तरी पेला भरून आणते. एवढी शहाणी झाली आहे की ओळखायची नाहीस.

आणि काल पाहणीवाल्या बाई येऊन गेल्या. त्यांनी पोरीला इंग्रजीत नाव विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला धीर द्यायला हाताने खूण केली, पण ती काही बोलली नाही. मग मी बाईंना खुर्ची दाखवली आणि वॉटर म्हणाले. त्या बराच वेळ बसल्या, आम्ही दोघी समोर बसलो, आणि एवढ्या वेळात आपल्या भाषेतला एकही शब्द त्यांच्या कानी पडला नाही. त्या भराभरा लिहीत होत्या. मला वाटतं काम झालं. जाताना त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता गेल्या, पण इंग्रजीत तशीच पद्धत असेल.

तारीख याच महिन्यातली आहे. जीव टांगणीला लागलाय, पण आशा आहे.

तुझी,
आत्या


९ मार्च

आत्या,

हे पत्र हातातून खाली ठेवायच्या आत भिंगरीशी बोल. आपल्या भाषेत. खूप बोल.

त्या बाई इंग्रजी बघायला आल्या नव्हत्या, तुमचं दोघींचं बघायला आल्या होत्या. घरात बाई मुलीशी बोलत नाही, मुलगी बोलायची थांबली आहे, याशिवाय त्या काय लिहिणार? मी थोडं इंग्रजी म्हटलं होतं गं. आपलं बोलणं सोड असं कुठे म्हटलं होतं? तुझ्या त्या मास्तरांना तर माझा दुरूनच नमस्कार सांग.

कोर्टात वेळ मागून जे झालं ते सगळं सांग. लपवू नकोस.

तुझी


२२ मार्च

चि. पोपटबाईस,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला आणि लगेच पोरीला जवळ घेऊन बोलायला बसले. काय बोलले ते मलाही आठवत नाही, कापसापासून सुरुवात केली आणि तुझ्या आजोबांपर्यंत गेले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग माझ्या ओठांवर हलकेच हात ठेवला. मी बोलायची थांबले. तेव्हापासून मी बोलते आणि ती गप्प, असं चाललंय. रागावलेली नाही, रुसलेलीही नाही. मला तर काही उमजेनासं झालंय.

काल कोर्टाची तारीख झाली आणि तिथे जे झालं त्याला तुझे ते दुभाषी जबाबदार आहेत. आमच्या वाट्याला आला होता एक उंच मिशीवाला. शपथ बिपथ घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला. समोर जज बाई, गोऱ्या, चष्मा लावलेल्या, तोंडावरून शांत वाटल्या. मी मनात म्हटलं, बाईमाणूस आहे, पोरीचं कळेल. पण त्या बिचाऱ्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलायच्या आणि सगळा कारभार हा मिशीवाला करायचा. मला म्हणाला, मी अहवाल वाचला आहे आणि मला काळजी वाटते. मी म्हटलं, तू कोण काळजी करणारा? तर तो वळून जज बाईंशी काहीतरी बोलला. मग मला म्हणतो, ही मुलगी तुमच्याकडे राहील की संस्थेत जाईल हे मी ठरवणार आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मिशा राखल्या म्हणून माझ्या पोरीचं तू ठरवणार? त्या मिशा आधी नीट कापून ये, मग मला शिकव. घरी तुझी बायको तरी तुला विचारते का?

तो तांबडालाल झाला, पण वळला आणि जज बाईंकडे बघून सगळं इंग्रजीत सांगितलं. चहाडखोर मेला. जज बाईंचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ओठावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं आता त्या त्याला झापणार. पण त्या काहीतरी एकच वाक्य बोलल्या आणि हा मला म्हणतो, मी पुढच्या वेळी मुलीशी स्वतः बोलेन. मी म्हटलं, खबरदार माझ्या पोरीजवळ गेलास तर. तेही त्याने सांगितलं. मग आम्हाला पुढची तारीख देऊन बाहेर घालवलं.

सगळं सांगायचं राहूनच गेलं. भिंगरी बाकावर बसून हे सगळं बघत होती. घरी येताना तिने माझं बोट एकदाही सोडलं नाही.

तुझी,
आत्या


२९ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

आधी बस. पाणी पी. मग वाच.

दुभाषी बोलतो तेव्हा तो नसतोच. आमची कामाची रीतच तशी आहे. जज म्हणाल्या 'मला काळजी वाटते', की आम्ही 'त्यांना काळजी वाटते' असं म्हणत नाही, 'मला काळजी वाटते' असंच म्हणतो. तो बोलला ते सगळं जज बाईंचं होतं. ठरवणार होत्या त्या. मुलीशी बोलणार त्या. आणि तू त्याला जे जे म्हणालीस ते त्याने, शपथ घेतली आहे म्हणून, एक शब्द न गाळता जज बाईंना उद्देशून सांगितलं. मिशा. कापून ये. बायको विचारते का. सगळं.

हे तुला मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. रोज तेच करते म्हणून ते सांगण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो माझ्याच तुकडीत शिकला. सज्जन माणूस आहे, आवाज चढवायचा नाही म्हणून प्रसिद्ध. त्याच्याशी या प्रकरणाबद्दल मला बोलता येत नाही. जज बाई तुमच्याच भागातल्या आहेत असं ऐकलं. म्हणजे तू बोललीस ते त्यांना तेव्हाच कळलं असणार, पण इंग्रजीत येईपर्यंत त्यांना ते ऐकू आलेलं नव्हतं. दोनदा ऐकावं लागलं बिचारीला.

आता काय होईल ते मला सांगता येत नाही. भिंगरी का गप्प आहे तेही कळत नाही. तू एवढंच कर. बोलताना मिशीकडे बघू नकोस, जज बाईंकडे बघ. आणि पोरीवर बोलायची सक्ती करू नकोस.

मला इथे कामात लक्ष लागत नाही. काल एका चोराच्या तोंडचं 'मी चोरी केली नाही' इतक्या काकुळतीने म्हणाले की जजसाहेबांनी माझ्याकडे चमकून बघितलं.

तुझी,
भाची


१९ एप्रिल

चि. पोपटबाईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार दिवस दुकानाचं एकच दार उघडं ठेवलं. पण तारीख काही माझ्या लाजेसाठी थांबणार नव्हती.

परवा गेलो. या वेळी मोठ्या दालनात नाही, जज बाईंच्या खोलीत. टेबल, चार खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. मला दाराजवळ बसवलं आणि बोलायचं नाही असं सांगितलं. म्हणजे मिशीवाल्याने सांगितलं, पण मी बघितलं जज बाईंकडे. भिंगरीला टेबलापाशी उंच खुर्चीवर बसवलं. जज बाईंनी इंग्रजीत विचारलं, मिशीवाल्याने आपल्या भाषेत, तू कुणाकडे राहतेस, तुला तिथे कसं वाटतं. पोर गप्प. पुन्हा विचारलं. पोर गप्प. जज बाईंनी पुढ्यातला कागद थोडा सरकवला. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते. वाटत होतं, ओरडून सांगावं, बाई, हिचं तोंड दिवसभर चालायचं हो, मीच बंद केलं.

तेवढ्यात भिंगरीने मिशीवाल्याला बोटाने खाली बोलावलं. इथे बोलायचं ते याच्यातून बोलायचं, हे तिला मागच्याच वेळी कळलं होतं, मला नव्हतं. तो वाकला. तिने त्याच्या कानाला दोन्ही हात लावले आणि बोलायला लागली. अगं, किती बोलली! दीड महिन्याचं साचलेलं सगळं. मला ओठ हललेले दिसत होते, शब्द एक ऐकू येत नव्हता. मग तो सरळ उभा राहिला, घसा साफ केला आणि एवढा उंच पुरुष जज बाईंना तिचं सगळं इंग्रजीत सांगायला लागला. मध्ये थांबला. मिशीवरून हात फिरवला. पुन्हा बोलला. मला त्यातले दोनच शब्द कळले, वॉटर आणि होम, आणि होम त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं.

जज बाई खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिल्या. मग इंग्रजीत बोलल्या आणि मिशीवाला म्हणाला, मी ही मुलगी तुमच्याकडेच ठेवते आहे, कायमची. मी जज बाईंकडेच बघत होते. हात जोडले. मग मला राहवलं नाही, मी त्याच्याकडे वळून म्हटलं, तुमच्या मिशांना मी वाईट बोलले, त्या छान आहेत, मनावर घेऊ नका. तो वळला आणि तेही जज बाईंना सांगितलं. त्या हसल्या. आणि पहिल्यांदाच आपल्या भाषेत, अगदी माझ्या शेजारणीसारख्या, म्हणाल्या, "नाही घेतलं हो. आता घरी जा आणि तिच्याशी बोला." मिशीवाला गडबडला. हे कुठल्या भाषेत सांगायचं ते त्याला कळेना.

रस्त्यातच पोरीची भिंगरी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. पण त्याच्या कानात काय सांगितलं ते मला सांगेना. आज म्हणाली, मी पोपटताईला सांगेन, तू लिही. तर आता खाली मी तुझ्या धंद्याच्या रीतीने लिहिते. 'मी' म्हणजे ती. मी नाही.

पोपटताई, मी बरी आहे. आत्या पण बरी झाली.

आत्याचं बोलणं गेलं होतं. आईचं गेलं होतं ना, तसंच. पाणी पण हाताने मागायची. दुकानात सगळे म्हणायचे घसा गेला, घसा गेला. आई आजारी होती तेव्हा मला सांगायचे, बडबडू नकोस, तिला त्रास होतो. मी तेव्हा ऐकलं नव्हतं. मी बडबडले होते आणि मग आईला नेलं. म्हणून या वेळी मी अजिबात बोलले नाही.

मग आत्याचं घरातलं बोलणं परत आलं. पण थोडंच आलं असेल तर संपेल ना, म्हणून मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि त्या मोठ्या घरात तर ती बोलायची ते कुणालाच कळत नव्हतं, त्या मिशीवाल्या काकांना सांगावं लागायचं. मला वाटलं, तिथल्या बाई आत्याला नेणार.

मी काकांच्या कानात सांगितलं, आत्याला नेऊ नका. तिला बोलता नाही आलं तरी चालेल. ती वॉटर म्हणाली की मी पाणी देते. मला तिचं सगळं कळतं. मी तिला नीट सांभाळते. आम्हाला होम जाऊ द्या.

हे मी सगळं सांगितलं आणि आता आत्या लिहायची थांबली आहे. ती रडते आहे, असं लिही म्हटलं तर म्हणते, ते नको लिहायला. पण पोपटताई, तूच सांगितलंस ना, एक शब्द गाळायचा नाही. म्हणून तिने लिहिलं.